लगेच थांबणारं बटण

काचेच्या त्या कारखान्यात एकशे दहा माणसं कामाला होती आणि त्यांतल्या एकशे नऊ जणांच्या हातावर कुठे ना कुठे कापल्याची खूण होती. उरलेल्या एकट्या म्हणजे ताई. ताईंनी काचेला कधी हात लावला नव्हता. घरच्या खिडक्या पुसायचं कामसुद्धा त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याच्या गळ्यात घातलं होतं. तरी कारखान्यात येणारी प्रत्येक मोठी शीट कुठून आणि कशी कापायची, हे त्याच ठरवायच्या. म्हणजे त्यांनी लिहिलेला प्रोग्राम ठरवायचा.

त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या, चोविसाव्या वर्षी. मालकांनी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा तो महिनाभर प्लॅस्टिकच्या वेष्टनात तसाच होता, कारण त्याच्या जवळ जायची कुणाची छाती होईना. ताई जेवणाच्या सुट्टीत त्याचं माहितीपुस्तक वाचत बसायच्या. वर्षभरात त्या यंत्रावर बिलं निघू लागली, तीन वर्षांत ऑर्डरी चढू लागल्या, आणि सहा वर्षांनी ताईंनी तो प्रोग्राम लिहिला ज्यामुळे त्यांना स्वतःची केबिन मिळाली. केबिन काचेचीच होती. आत बुडबुडे राहिलेल्या, नाकारलेल्या शीट्स जोडून केलेली. बाहेरून पाहणाऱ्याला ताईंचा चेहरा कधी लांबट दिसायचा, कधी कपाळच तेवढं मोठं दिसायचं. कामगार म्हणायचे, ताई विचारात आहेत.

प्रोग्रामचं काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाईक वेगवेगळ्या मापांची तावदानं मागतं. ती सगळी मोठ्या शीटवर अशी बसवायची की कमीत कमी काच वाया जावी. पूर्वी हे काम कटिंग मास्तर करायचे, पेन्सिलीनं, चौकटीच्या वहीत, डोकं खाजवत. प्रोग्राम तेच करायचा, पण लाखो वेळा मांडून आणि मोडून. त्याचा एकच दोष होता. त्याला कधी 'पुरे' वाटायचं नाही. दहा मिनिटांत मांडणी चांगली व्हायची, तासाभरात जरा आणखी चांगली, आणि चार तासांनी तळहाताएवढा तुकडा वाचायचा. तो वाचवल्याशिवाय प्रोग्राम हटायचा नाही.

आणि सकाळच्या वेळी कारखान्यात कुणाकडे चार तास असतात? मास्तर सकाळी मोजणी लावायचे, चहाचा घोट घ्यायचे, की फोन वाजायचा. गिऱ्हाइकानं माप बदललेलं असायचं. म्हणजे चालू मोजणी थांबवून नवी लावायला हवी. पण सुरुवातीच्या त्या प्रोग्राममध्ये थांबवायची सोयच नव्हती. मोजणी चालू झाली की पडदा पांढराफटक पडायचा आणि वर 'प्रतिसाद देत नाही' अशी पाटी यायची. मास्तरांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. टेबलाखालचं विजेचं बटण ते न बघता, बुटाच्या टोकानं बंद करायचे.

एका महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं आणि त्या झटक्यात दिवसभराच्या ऑर्डरींची यादीच बिघडली. सगळी दुपार ती पुन्हा चढवण्यात गेली. मालकांनी ताईंना बोलावलं.

"बाई, गाडीला ब्रेक असतो की नाही?"

"असतो."

"मग ह्याला का नाही? उद्या अकराला मोठं गिऱ्हाईक येतंय कारखाना बघायला. त्याच्यासमोर मास्तरांनी लाथ मारून कॉम्प्युटर बंद केलेला मला चालणार नाही. तेवढा ब्रेक बसवा."

ताईंकडे एक दुपार होती. चारपर्यंत त्यांनी मोजणी पडद्यामागे ढकलली, म्हणजे ती चालू असतानाही समोरचा पडदा जिवंत राहील. पाचपर्यंत एक छोटी चौकट तयार झाली. तिच्यात हळूहळू भरत जाणारी हिरवी पट्टी आणि खाली एक देखणं बटण: 'थांबवा'.

आता प्रश्न उरला तो एवढाच, की ते बटण दाबल्यावर काय व्हावं.

मोजणी खरोखर थांबवायची, तर तिला 'थांब' म्हणून सांगावं लागतं आणि तिनं ते ऐकावं लागतं. ताईंची मोजणी सहा वर्षांत तुकड्यातुकड्यानं वाढलेली. तिच्यात ऐकण्यासाठी कुठे जागाच ठेवलेली नव्हती. एकदा धावत सुटली की ती वर मान करून बघायची नाही. बाहेरून तिचा गळा दाबावा, तर तिच्या हातातल्या फायली अर्धवट उघड्या राहणार, म्हणजे मास्तरांच्या बुटासारखंच झालं. सहा वाजले. ताईंनी शेवटी असं केलं की बटण दाबताच ती चौकट पडद्यावरून नाहीशी व्हावी. मोजणी मागे चालू राहील, राहू दे. ती कधीतरी संपेल तेव्हा तिचं उत्तर कचऱ्यात टाकायचं. बघणाऱ्याला फरक कळणार नव्हता. प्रोग्राममध्ये त्या ओळीशेजारी त्यांनी स्वतःसाठी टीप लिहिली, 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करणे', आणि पर्स उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पाहुण्यासमोर बटण स्वतः दाबलं. चौकट गायब.

"बघितलंत?" मालक म्हणाले. "लगेच!"

पाहुण्यालाही दाबून बघायचं होतं. मग पाहुण्याबरोबरच्या माणसालाही. सात वेळा मोजणी लावली गेली आणि सात वेळा लगेच थांबली. पाहुणे खूश होऊन जेवायला गेले. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत सात मोजण्या एकदम करत बसला आणि इस्त्रीसारखा तापला. वर्षअखेरच्या मेळाव्यात ताईंना जाड काचेचं मानचिन्ह मिळालं. त्यावर 'उत्कृष्ट कामगिरी' असं कोरलं होतं.

पुढचा आठवडा आला. त्यात दुसरं काम निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरं. अकरा वर्षांत असे जवळजवळ पावणेसहाशे पुढचे आठवडे येऊन गेले.

ताई आळशी नव्हत्या, हे सांगायला हवं. त्यांच्याइतकं काम त्या कारखान्यात फार थोडे करत. पण चालणाऱ्या वस्तूला हात लावायला कुणी वेळ देत नाही, आणि ते बटण तर कारखान्यातली सगळ्यांत उत्तम चालणारी वस्तू समजली जायची. दुपारी कॉम्प्युटर मंद व्हायचा, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कारणांचीही कमतरता नव्हती. मास्तरांच्या मते काचेची पूड आत जायची. ऑर्डर घेणाऱ्या बाईंच्या मते दुपारी सगळंच मंदावतं, माणूस काय अन् यंत्र काय. मालकांचा भाचा परदेशात शिकून आला आणि व्यवस्थापक झाला. त्याला सगळे भाचेसाहेब म्हणायचे. त्याच्या मते यंत्र जुनं झालं होतं. नवं आलं, दुप्पट ताकदीचं. टाकून दिलेल्या मोजण्या त्यानं दुप्पट उत्साहानं केल्या. अकरा वर्षांत तीन यंत्रं बदलली. दर वेळी बैठकीत भाचेसाहेब विचारायचे, "ताई, नव्या यंत्रानं फरक पडेल ना?"

"पडेल थोडा," ताई म्हणायच्या. आणि ते खोटंही नसायचं.

त्या स्वतःची समजूत घालायच्या: उत्तर कचऱ्यातच जातंय, कुणाचं काय बिघडतंय? पंखा तेवढा फिरतो.

दोन वर्षांपूर्वी भाचेसाहेबांनी यंत्रावर चालणारं कटिंग टेबल आणलं. आता काच कापायची हिरकणी हातात धरून काचेवर रेघ मारायची गरज उरली नाही, टेबल स्वतःच मारायचं. मोजणी संपली की मांडणी थेट टेबलाकडे जावी, अशी त्यांची इच्छा होती. ताईंनी ती जोडणी करून दिली. मोजणी संपते त्या जागी दोन ओळी घातल्या. घालताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानातून गेली. थांबवलेल्या मोजणीचं उत्तर कचऱ्यात टाकणारी ओळ त्या दोन ओळींच्या खाली होती. म्हणजे कचऱ्यात जाण्याआधी प्रत्येक उत्तर आता टेबलाला भेटून जात होतं.

दोन वर्षं काही झालं नाही, कारण आधी लावलेली मोजणी बहुतेक आधी संपायची आणि नंतरची तिच्या जागी येऊन बसायची. नशीब म्हणतात ते हेच.

मग ती सकाळ आली. एका शाळेच्या खिडक्यांची ऑर्डर होती. मास्तरांनी नऊला मोजणी लावली. पाच मिनिटांत शाळेतून फोन आला की माप चुकलंय, आणि अर्ध्याच खिडक्या हव्यात. मास्तरांनी 'थांबवा' दाबलं, यादी दुरुस्त केली, नवी मोजणी लावली. यादी छोटी होती, म्हणून नवी मोजणी साडेनऊलाच संपली. जुनी, लांबलचक, मागे निवांत चालली होती. ती सव्वादहाला संपली आणि टेबलावर नव्या मांडणीच्या जागी जाऊन बसली. अकराला टेबल सुरू झालं. चाळीस तावदानं कापली गेली, प्रत्येक चार बोटं अरुंद. लाकूड असतं तर सांधा मारता आला असता. काच कुणाच्या बापाला रुंद करता येत नाही.

भाचेसाहेब खाली आले. टेबलाच्या पडद्यावर जुनं माप होतं.

"मास्तर, तुम्ही जुनी मोजणी थांबवलीच नाही."

"थांबवली की. ह्या बोटानं दाबलं."

"मग हे काय आहे?"

"ते मला काय ठाऊक? मी थांबवली."

"मास्तर, मशीन खोटं बोलत नाही," भाचेसाहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले. काचेच्या कारखान्यात आवाज फार लांब जातो.

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चारच महिन्यांपूर्वी त्यांना नवा चष्मा लागला होता आणि त्यावरून आधीच पुष्कळ चेष्टा झाली होती. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही, आणि तेच जास्त लागलं. भाचेसाहेबांनी नवा नियम काढला. मास्तरांनी बटण दाबलं की वहीत वेळ लिहायची आणि सही करायची.

ताईंनी हे सगळं केबिनमधून ऐकलं. काय घडलंय ते त्यांना मिनिटभरात कळलं. पण त्या उठल्या नाहीत. उठायला हवं होतं, हे त्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. त्या दिवशी मात्र त्यांनी कीबोर्डवर पडलेले बिस्किटाचे कण टाचणीनं काढले. एकेक करून, सगळे.

संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याला कुठल्याही गोष्टीचं मूळ लिफ्टमध्ये सापडायचं.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस," तो म्हणाला. "माझ्याकडच्या एका इमारतीत दार बंद करायच्या बटणाची तार सहा वर्षं सुटलेली आहे. लोक दाबतात, दार आपल्या वेळेला बंद होतं, लोक खूश. एक तक्रार नाही. मध्ये एकदा मी ती जोडली, तर वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी भांडायला आल्या, दार अंगावर येतं म्हणून. पुन्हा सोडून ठेवली."

ताईंना जरा बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आणि त्या दारात कुणाचा हात अडकला तर?"

नवऱ्यानं तोंडातला घास नीट गिळला.

"मग तार जोडावी लागते," तो म्हणाला, आणि पाणी आणायला उठला.

तरी आणखी दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. पंचवीस वर्षांत ते क्वचितच वर आले होते. त्यांच्या हातात ती वही होती.

"ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या आहात."

"बसा ना मास्तर."

ते बसले नाहीत. "असं होतं का हो कुणाला? म्हणजे दाबलं असं पक्कं वाटतं, बोटाला आठवतंसुद्धा, पण दाबलेलं नसतं? माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. गॅस बंद केला म्हणायचा, आणि गॅस चालूच. मग हळूहळू…" त्यांनी वही उघडून दाखवली. "काल मी दोनदा लिहिलंय बघा. नऊ वाजून पाच, थांबवले. आणि खाली परत, नऊ वाजून पाच, थांबवले. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही."

ताईंनी खुर्ची मागे सारली.

"मास्तर, तुम्ही दाबलं होतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? बटणच खोटं आहे."

मास्तरांना समजलं नाही. ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सुरुवातीपासून सांगितलं. पाहुणा, एक दुपार, गायब होणारी चौकट, मागे चालत राहणारी मोजणी, टेबलाला जोडलेल्या दोन ओळी. काही झाकलं नाही. मास्तर ऐकत होते. आधी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, इतका की ते एकदम पाच वर्षांनी तरुण दिसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अकरा वर्षं?"

"अकरा."

"रोज चार-पाच वेळा. मग अकरा वर्षं मी दाबत काय होतो?"

"चौकट बंद करायचं बटण."

मास्तरांनी वही मिटली. "मी काचेच्या पुडीवर संशय घेत होतो," ते म्हणाले. "घरून फडकं आणून रोज झाकत होतो त्या डबड्याला. माझ्या बायकोनं कडेला शिवण घालून दिली त्या फडक्याला." ते उठले. "चार दिवस, ताई. चार दिवस मी रात्री उठून गॅस बघत होतो." आणि खाली गेले. दार त्यांनी हळूच लावलं, सवयीनं. तिथे कुणीच दार आपटत नाही.

त्याच दुपारी ताई मालकांकडे गेल्या. भाचेसाहेबही तिथेच होते. ताईंनी लेखी कागद नेला होता: चूक माझी, मास्तरांची नाही, खाली सही. मालकांनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"पण बाई, ते बटण तर उत्तम चालतं!"

"दिसतं तसं. मोजणी थांबत नाही."

"मी स्वतः दाबलंय. पाहुण्यांनी दाबलंय. लगेच थांबते."

"चौकट जाते, साहेब. मोजणी मागे चालूच राहते."

मालक जरा दुखावल्यासारखे झाले. बटणाच्या बाबतीत कुणी आजवर असं बोललं नव्हतं. भाचेसाहेब मात्र व्यवहाराला आले. "मग थांबवा ना तिला. एका ओळीचं काम असेल."

"बाहेरून मारता येत नाही. हातात फायली असतात, त्या अर्ध्या राहतात. मोजणीनंच मध्ये मध्ये थबकून विचारायला हवं, थांबू का? आणि हो म्हटलं की हातातलं आवरून, फायली मिटून थांबायला हवं. तसं लिहायला दोन आठवडे लागतील."

"स्वतःला थांबवायला ती स्वतःच विचारणार?" भाचेसाहेब हसले. मालकही हसले. ताईंना दोन आठवडे मिळाले, पण कुणालाही ती गोष्ट पटली आहे असं वाटलं नाही.

पटली ती फक्त मास्तरांना. तीन-चार दिवस ते ताईंशी बोलले नाहीत. मग एका सकाळी वर आले, आणि मागचं काही न काढता विचारलं, "कुठवर आलंय?" ताईंनी पुन्हा तेच समजावलं. मास्तर म्हणाले, "त्यात काय अवघड? रेघ मारताना मागून कुणी हाक मारायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मध्येच दचकला तर काच तडकते, हातही जातो. रेघ पुरी होऊ द्यायची. माणूस हिरकणी उचलतो तेवढ्यात खांद्यावर हात ठेवायचा. तुमच्या मोजणीला हिरकणी उचलायला लावा."

ताईंनी शब्दशः तेच केलं. एकेका शीटची मांडणी संपली की मोजणीनं थबकावं आणि विचारावं, अशी सतरा ठिकाणं त्यांनी शोधली. सोळा सरळ होती. सतरावं पुन्हापुन्हा फिरणाऱ्या ओळींच्या एका फेऱ्यात होतं, जो त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी लिहिला होता आणि जो आता त्यांनाच कळत नव्हता. तिथे हात घालायचा धीर झाला नाही. त्या फेऱ्यात मोजणी सापडली तर थांबायला चार सेकंद लागायचे, एरवी दोन. एवढे चालतील, असं त्यांना वाटलं. आणि प्रामाणिकपणा अंगात शिरलेलाच होता, म्हणून त्यांनी बटणावर तसं लिहिलंही. दाबलं की 'थांबवा'चं 'थांबत आहे…' व्हायचं आणि खरोखर थांबल्यावरच चौकट जायची.

सोमवारी नवी आवृत्ती बसली. दुपारी कॉम्प्युटर सकाळइतकाच चपळ होता. पंखा इतका शांत, की ऑर्डर घेणाऱ्या बाईंनी यंत्र बंद पडलं समजून दोनदा हात लावून पाहिला. ताई दिवसभर कान देऊन बसल्या होत्या, कुणी काही म्हणतंय का.

मंगळवारी म्हणाले.

"ताई, बटण बिघडलंय," ऑर्डरवाल्या बाई म्हणाल्या. "दाबलं की विचार करत बसतं."

बुधवारी भाचेसाहेब आले. "हे 'थांबत आहे' काय आहे? थांबलं किंवा नाही थांबलं. गिऱ्हाईक बघतं हो. पूर्वी कसं लगेच व्हायचं."

"पूर्वी काहीच होत नव्हतं."

"पण लगेच."

गुरुवारी मालकांचा निरोप आला: जुनं बटण परत बसवा. ताई तरातरा खाली गेल्या, मास्तर तरी आपल्या बाजूनं बोलतील म्हणून. मास्तर बटण दाबत होते. दोन सेकंदांत त्यांनी ते अकरा वेळा दाबलं.

"मास्तर, तुम्हाला तर माहीत आहे!"

"माहीत आहे हो," मास्तर ओशाळून म्हणाले. "खरं काम आता होतंय, हे कळतं. पण ताई, तेव्हा दाबल्यावर बरं वाटायचं."

त्या संध्याकाळी ताईंनी घरी भांडी जरा जोरातच लावली. नवरा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अपेक्षेप्रमाणे लिफ्टवर गेला.

"मला सांग, तू लिफ्टला बोलावतेस, तेव्हा लिफ्ट लगेच येते?"

"नाही."

"पण बटण लगेच पेटतं. माणसाला लिफ्टची एवढी घाई नसते. आपलं कुणीतरी ऐकलं, एवढंच त्याला हवं असतं. दिवा नसलेलं बटण लावलं, तर लोक बुक्क्या मारून फोडतात. दिवा आहे म्हटल्यावर पाच मिनिटं मुकाट उभे राहतात."

"माझं बटण म्हणतंच आहे की, थांबत आहे."

"ते सबब सांगितल्यासारखं वाटतं," नवरा म्हणाला. "मी येतोय म्हणतो ना तुला, तसं."

हे ताईंना पटलं. त्याचं 'येतोय' त्यांना चांगलं माहीत होतं.

शुक्रवारी त्यांनी चौथी आवृत्ती बसवली. दाबलं की चौकट तत्क्षणी गायब, अगदी अकरा वर्षं होत होती तशी. मागे मोजणीला निरोप जायचा, ती रेघ पुरी करायची, हिरकणी उचलायची, फायली मिटायची आणि खरोखर थांबायची. ते दोन-चार सेकंद आता कुणाला दिसत नव्हते. तेवढ्यात कुणी नवी मोजणी लावलीच, तर ती आधीची संपेपर्यंत मागे रांगेत उभी राहायची, आणि टेबलाकडे फक्त न थांबवलेल्या मोजणीचं उत्तर जायचं. काम खरं, दिसणं जुनं.

मालकांनी खाली येऊन स्वतः दाबून पाहिलं. चौकट गेली.

"बघा," ते भाच्याला म्हणाले, "जुनं ते जुनंच. उगाच बदल करत बसतात."

सूचनाफलकावर कागद लागला: 'कर्मचाऱ्यांच्या आग्रहाखातर पूर्वीचे बटण पुन्हा कार्यान्वित करण्यात आले आहे. ताईंचे आभार.' ताईंनी तो वाचला. खुलासा करावा असं एकदा मनात आलं. मग त्यांना मालकांचा दुखावलेला चेहरा आठवला आणि त्यांनी तो नाद सोडला.

राहता राहिला चाळीस तावदानांचा प्रश्न. ताईंचा सहीचा कागद फायलीत लागला होता, पण चौकशीच्या अहवालात भाचेसाहेबांनी लिहिलं, 'यंत्र व मनुष्य यांच्या समन्वयातील त्रुटी'. ताई दोनदा जाऊन भांडल्या. दुसऱ्यांदा भाचेसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही मोठ्या मनानं अंगावर घेताय, ते दिसतंय सगळ्यांना." मास्तरांची वही मात्र बंद झाली. तिच्याऐवजी मास्तरांना दोन दिवसांचं कॉम्प्युटर प्रशिक्षण द्यायचं ठरलं. शिकवणार ताई, शिकणारे एकटे मास्तर.

पहिल्या दिवशी दोघांनी दार लावून चहा घेतला आणि काचेतून येणारे-जाणारे वाकडेतिकडे चेहरे बघत बसले. मास्तरांनी भावाबद्दल सांगितलं, निवृत्तीनंतर काय करायचं ते सांगितलं, म्हणजे काहीच सुचलेलं नाही हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता एक खरंच शिकवा. मागे काय चाललंय, ते बघता येतं का?"

ताईंनी त्यांना चालू कामांची यादी उघडायला शिकवली. तीन कळा एकदम दाबायच्या. यंत्रात त्या घडीला जे जे चाललेलं असतं, ते सगळं ओळीनं दिसतं, आणि थांबलेलं यादीतून निघून जातं. मास्तरांनी ते कागदावर लिहून घेतलं, चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं.

तेव्हापासून मास्तर 'थांबवा' दाबतात, चौकट लगेच जाते, आणि तरीही ते तीन कळा दाबून यादी उघडतात. चष्मा सारखा करून, ओठ हलवत एकेक ओळ वाचतात. त्यांची मोजणी यादीतून नाहीशी झालेली दिसली की मान हलवतात आणि मगच दुसरी लावतात. दिवसातून चार-पाच वेळा, रोज. भाचेसाहेबांना वाटतं, प्रशिक्षण अंगी लागलेलं नाही. ऑर्डरवाल्या बाई म्हणतात, वय झालं की माणूस संशयी होतो.

ताई वरून बघतात. एकदा त्यांनी विचारलंही, "मास्तर, अजून खात्री नाही वाटत माझी?"

"तुमची वाटते की," मास्तर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "जरा थांबा, वाचू द्या."